बालवाडीचा फलक आणि आतले मूल

मृगाच्या सरी पडू लागल्या की भंडारा जिल्ह्यात दोन कामांची घाई एकाच वेळी सुरू होते. शेतकरी धानाचे पऱ्हे टाकण्याच्या तयारीला लागतो आणि नोकरदार आपल्या तीन वर्षांच्या मुलाचे नाव कोणत्या 'कॉन्व्हेंट'मध्ये घालावे या विवंचनेत पडतो. पहिल्या कामात सहसा चूक होत नाही. रोप कधी उपटावे, बांधीत पाणी किती असावे, रोवणी कोणत्या दिवसांत उरकावी हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. कोवळे रोप ओढून मोठे होत नाही, उलट त्याचे मूळ तुटते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. दुसऱ्या कामात मात्र हा विवेक पाहता पाहता नाहीसा होतो. इमारतीचा रंग, गणवेशाचा टाय, दाराशी येणारी गाडी आणि फलकावरील इंग्रजी अक्षरे एवढ्यावर निर्णय होऊन जातो. ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला आहे ते मूल तेथे सकाळचे तीन-चार तास काय करणार आहे, हा प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो.

विदर्भात 'कॉन्व्हेंट' या शब्दाचा मूळ अर्थ केव्हाच लोपला आहे. मिशनऱ्यांच्या मठाशी त्याचा आता काही संबंध उरलेला नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांना इंग्रजी अक्षरे शिकविणारी कोणतीही जागा म्हणजे कॉन्व्हेंट, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला आहे. दुसऱ्या बाजूस गावोगावची अंगणवाडी म्हणजे खिचडी मिळण्याचे ठिकाण, अशी समजूत रूढ झाली आहे. साहजिकच सुशिक्षित पालकापुढचा प्रश्न 'कॉन्व्हेंट की अंगणवाडी' या स्वरूपात उभा राहतो आणि पैसा असेल तर त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. तथापि प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे. बालवाडी सरकारी आहे की खासगी, मराठी आहे की इंग्रजी, यापेक्षा तेथील व्यवस्था मुलाच्या वयाला मानवणारी आहे की नाही हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

अंगणात गेलेली वाडी

बालशिक्षणाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील कामगार वस्तीत बालगृह उघडून जी पद्धती सिद्ध केली होती, तिचा हा भारतीय अवतार होता. परंतु माँटेसरींची साधने महागडी होती आणि शहरातील बालमंदिरे सुखवस्तू घरांतील मुलांसाठीच राहतील अशी भीती होती. ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ यांच्यासह त्या खेड्यातील मुलांकडे वळल्या. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात न्यावयाची, ही कल्पना तेथे आकारास आली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांतून हे कार्य वाढले. विकत आणलेल्या साधनांची जागा खडे, बिया, शिंपले, पाने आणि माती यांनी घेतली.

'अंगणवाडी' या शब्दामागे हा इतिहास आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना पुढे हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना आरोग्य व आहारविषयक शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत एकत्र बांधलेल्या आहेत. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने ही योजना प्रत्येक वस्तीपर्यंत नेण्यास सरकारला बजावले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत ५०० उष्मांकांचा व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा आहार मिळण्याचा हक्क दिला. सहा सेवांपैकी आहाराला असा कायद्याचा भक्कम आधार लाभला. शिक्षणाची सेवा मात्र कागदावर सहावी आणि व्यवहारात अनेकदा शेवटची राहिली.

मनगट आणि लेखणी

तीन वर्षांच्या मुलाच्या गरजा कोणत्या, याविषयी शास्त्राला आता फारशी शंका उरलेली नाही. मनगटात आठ छोटी हाडे असतात. तिसऱ्या वर्षी त्यांपैकी बहुतेकांचे रूपांतर कूर्चेतून हाडात झालेलेच नसते. अशा हातात पेन्सिल देऊन चार रेघांच्या वहीत पानेच्या पाने अक्षरे गिरवून घेणे म्हणजे कोवळ्या रोपाला ओढणेच होय. माती मळणे, कागद फाडणे, मणी ओवणे, दाणे निवडणे, पाणी ओतणे ही त्या हाताची खरी पूर्वतयारी आहे. भाषेचेही तसेच आहे. गोष्ट ऐकणे, ती पुन्हा आपल्या शब्दांत सांगणे, बडबडगीते म्हणणे, हजार प्रश्न विचारणे यांतून पुढच्या वाचनाचा पाया घातला जातो. ज्या मुलाजवळ बोलण्यासारखे पुष्कळ असते, त्यालाच पुढे लिहिण्यासारखे काही सुचते.

हे केवळ आदर्शवाद्यांचे मत नव्हे. शालेय मुलांच्या ओझ्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात बालवाडीतील औपचारिक लेखन-वाचन-गणिताच्या अतिरेकाला बालकांवरील हिंसा मानले आणि प्रवेशाच्या चाचण्या व मुलाखती बंद करण्याची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा एक सलग पायाभूत टप्पा कल्पिला आणि त्यात खेळ, कृती व शोध यांना मध्यवर्ती स्थान दिले. पहिलीतील प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असावीत असा त्याचा रोख आहे. फिनलंडसारख्या देशात नियमित शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि तेथील मुले मागासलेली राहिल्याचे कोणी म्हणत नाही.

अंगणवाडी आणि खासगी बालवाडी यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास आसाम, राजस्थान आणि तेलंगण या राज्यांत झाला. आंबेडकर विद्यापीठ व असर केंद्र यांनी केलेल्या या अभ्यासात मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेण्यात आला. चांगली बालवाडी लाभलेल्या मुलांची शाळेसाठीची तयारी अधिक असते, हा त्याचा एक निष्कर्ष होता. दुसरा निष्कर्ष पालकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. वयाला अनुरूप असे शिक्षण बहुतेक अंगणवाड्यांत नव्हते आणि बहुतेक खासगी बालवाड्यांतही नव्हते. पहिल्या ठिकाणी शिक्षण थोडे होते, तर दुसऱ्या ठिकाणी पहिली-दुसरीचाच अभ्यासक्रम खाली ओढून आणलेला होता. शुल्क भरल्याने मुलाला योग्य ते मिळते हा समज या अभ्यासाने निराधार ठरविला.

एक सकाळ खर्ची घालावी

मग पालकाने निवड कशी करावी? त्याने प्रवेशपत्रिका भरण्यापूर्वी एक सकाळ बालवाडीत जाऊन बसावे. जेथे पालकाला आत बसू देण्याची तयारी नसेल, तेथे ही एकच गोष्ट पुरेशी बोलकी समजावी. आत गेल्यावर भिंतींवरील छापील चित्रांपेक्षा मुलांच्या हातांकडे पाहावे. मुले वावरत आहेत की रांगेत बसविली आहेत? खेळणी त्यांच्या हाताला लागतील अशी आहेत की कपाटात कुलपाआड शोभेसाठी ठेवली आहेत? शिक्षिका मुलाशी बोलताना खाली बसते की उभ्यानेच हुकूम सोडते? एखादे मूल रडू लागले तर त्याला जवळ घेतले जाते की गप्प केले जाते? राष्ट्रीय पातळीवर ठरविलेल्या मानकांनुसार तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस असावयास हवे. प्रत्यक्षात किती आहेत, हे मोजण्यास कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न तर सर्वांत आधी यावयास हवा. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या झावळ्यांच्या छपराला आग लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. भंडाऱ्याला तर इतक्या दूर पाहण्याचीही आवश्यकता नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत दहा अर्भके दगावली. ज्या गावाने हे दुःख पाहिले, तेथील पालकाने बालवाडीला दुसरा दरवाजा आहे काय, विजेच्या तारा कशा आहेत, खिडक्यांचे गज उघडता येतात काय, हे विचारताना संकोच बाळगू नये. मुलांना नेणाऱ्या गाडीत किती जणांना कोंबले जाते, हेही त्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. राष्ट्रीय महामार्गावरून तालुक्याच्या गावी रोज जाणारे तीन वर्षांचे मूल शाळेत पोचते तेव्हाच अर्धे थकलेले असते.

याशिवाय काही गरजा या मातीतल्याच आहेत. पूर्व विदर्भ हा सिकलसेल आजाराचा पट्टा आहे. या आजाराच्या मुलाने वारंवार पाणी पिणे आवश्यक असते. कडक थंडी आणि प्रखर ऊन, दोन्हीपासून त्याला जपावे लागते, कारण शरीरातील पाणी कमी झाले की वेदनांचा तीव्र झटका येऊ शकतो. ज्या बालवाडीत मधल्या सुटीखेरीज पाणी पिण्याची किंवा लघवीला जाण्याची मुभा नाही, ती अशा मुलासाठी केवळ गैरसोयीची नव्हे, तर धोक्याची आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. पण त्या अभियानाचे यश शेवटी मुलाचा आजार शिक्षिकेला माहीत आहे की नाही, अशा साध्या गोष्टींवर अवलंबून राहणार आहे. उशिरा बोलू लागलेले मूल, कमी ऐकू येणारे मूल, आईला सोडण्यास घाबरणारे मूल यांच्याबाबतही हेच म्हणता येईल. बालवाडी चांगली की वाईट याचे एकच एक उत्तर नसते. ती या मुलासाठी कशी आहे, हे पाहावे लागते.

पानी, पाणी आणि वॉटर

भाषेचा प्रश्न भंडाऱ्यात इतर ठिकाणांपेक्षा अधिक नाजूक आहे. येथील पुष्कळ घरांतून झाडीबोली बोलली जाते. तुमसर, मोहाडीच्या बाजूस पोवारी कानावर पडते, काही ठिकाणी गोंडी आहे आणि मध्य प्रदेशाच्या सीमेमुळे हिंदीचाही सहवास आहे. घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत प्रथम 'पाणी' म्हणावयास सांगितले जाते आणि तो बदल अंगवळणी पडण्यापूर्वीच त्याच्यापुढे 'वॉटर' ठेवले जाते. तहान लागली असता कोणता शब्द उच्चारावा या संभ्रमात ते गप्प बसते. शिक्षिका मात्र त्या गप्प बसण्याला शिस्त समजते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीच्या संशोधनासाठी आयुष्य वेचले. त्या बोलीला जिल्ह्यातील बालवाडीतच अशुद्ध ठरवून गप्प करावे, यासारखी विसंगती दुसरी नाही.

इंग्रजीची ओढ पालकांना का वाटते हे उघड आहे. नोकरीच्या मुलाखतीत आपल्याला जे अडले ते मुलाला अडू नये, ही इच्छा स्वाभाविक आहे. त्या इच्छेची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु इंग्रजी लवकर सुरू करणे आणि इंग्रजी चांगले येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या शिक्षिकेला स्वतःला इंग्रजीत सहज बोलता येत नाही, ती मुलाला भाषा देऊ शकत नाही. ती केवळ पाठ केलेले शब्द देते. फळांची इंग्रजी नावे घडाघड म्हणणारे मूल पाहुण्यांपुढे शोभते खरे. पण गोष्टीतल्या कोल्ह्याने असे का केले, या प्रश्नाला ते कोणत्याच भाषेत उत्तर देऊ शकत नसेल, तर पाया कच्चा राहिला असेच म्हणावे लागेल. घरच्या बोलीत भरपूर बोलणारे मूल पुढे प्रमाण मराठी आणि इंग्रजी दोन्ही अधिक खात्रीने शिकते. म्हणून मुलाची बोली समजणारी आणि तिला न हसणारी शिक्षिका, ही निवडीची एक महत्त्वाची कसोटी मानावयास हवी.

सेविकेच्या खांद्यावरील ओझे

अंगणवाडीची बाजू घेताना तिच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. सेविकेने मुलांचे वजन घ्यावयाचे, गरोदर मातांच्या भेटी घ्यावयाच्या, घरपोच आहार वाटावयाचा, नोंदवह्या भरावयाच्या, त्याच नोंदी पुन्हा मोबाइलवर चढवावयाच्या, शिवाय वेळोवेळी येणाऱ्या सर्वेक्षणांना हातभार लावावयाचा आणि एवढे करून मुलांना गोष्टही सांगावयाची. सरकारने दिलेले मोबाइल निकृष्ट असल्याची तक्रार करून राज्यातील सेविकांनी २०२१ साली ते परत केले. त्या वेळी नोंदीचे साधन इंग्रजीत असल्याचीही त्यांची हरकत होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही मानधनवाढ व इतर मागण्यांसाठी त्यांना ४ डिसेंबर २०२३ पासून जवळजवळ पावणेदोन महिने संप करावा लागला. समाज ज्या हातांत सर्वांत कोवळी मुले सोपवितो, त्याच हातांना तो सर्वांत कमी मोबदला देतो, हा विरोधाभास या संपाने उघड केला.

वेळेचाही प्रश्न आहे. रोवणीच्या दिवसांत बाया सकाळीच बांधीवर जातात आणि संध्याकाळी परततात. अंगणवाडी त्याच्या कितीतरी आधी सुटते. मग धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली बहीण घरी राहते आणि एका मुलाच्या बालवाडीची उणीव दुसऱ्या मुलीच्या शाळेवर जाते. धान कापणीत आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात हीच पुनरावृत्ती होते. खासगी बालवाडीला या घराशी काही कर्तव्य नसते, कारण तेथे शुल्क भरण्याची ऐपतच नसते.

खासगी संस्थांची बाजूही पाहिली पाहिजे. त्यांच्यातील काही मनापासून चालविलेल्या आहेत. तेथील शिक्षिकेवर आहारवाटपाचा भार नसतो आणि वर्ग नियमित भरतो. अंगणवाडीने घेण्यासारखे हे गुण आहेत. परंतु या संस्थांवर देखरेख करणारी यंत्रणा दीर्घकाळ जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. २०२५ साली राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने त्यांना आपली माहिती संकेतस्थळावर नोंदविण्यास सांगितले. हे योग्य पाऊल असले तरी नोंदणी म्हणजे तपासणी नव्हे. ती तपासणी होईपर्यंत पालकांचे डोळे हीच एक देखरेख उरते.

ज्यांच्या मागणीला वजन आहे

येथे जिल्ह्यातील शिक्षक आणि कर्मचारी वर्गाची जबाबदारी सुरू होते. तलाठी, ग्रामसेवक, लिपिक, प्राथमिक शिक्षक यांची मुले गावातील अंगणवाडीतून निघून गेली, की त्या अंगणवाडीच्या गळक्या छपराबद्दल पंचायत समितीत कोणी तावातावाने बोलत नाही. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याला गरज उरत नाही आणि ज्याला गरज आहे त्याच्या शब्दाला वजन नसते. परिणाम तेथेच थांबत नाही. तिसऱ्या वर्षी कॉन्व्हेंटात गेलेले मूल पहिलीसाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत क्वचितच परतते. शाळेचा पट घटतो. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा सर्वाधिक चिंता शिक्षकांनाच वाटली. गावची शाळा मोडू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी तिचा उंबरठा तीन वर्षांच्या मुलापासून सुरू होतो, हे ओळखावयास हवे.

याचा अर्थ आपले मूल वाईट अंगणवाडीत घालून प्रत्येकाने त्याग करावा, असा नाही. मुलाच्या वाट्याला आलेले हे वय पुन्हा येत नाही आणि कोणाच्याही तत्त्वासाठी ते पणाला लावता येणार नाही. परंतु गावच्या अंगणवाडीकडे न पाहताच तिला वाईट ठरविणे अन्यायाचे आहे. अनेक ठिकाणी जिव्हाळ्याने काम करणारी, मुलांच्या घरची बोली बोलणारी, पंचवीस वर्षांच्या अनुभवाने शहाणी झालेली सेविका तेथे भेटेल. तिला हवी आहे ती नोंदवह्यांतून सुटका, पुरेशी साधने आणि शिकलेल्या पालकांची साथ. अंगणवाडीत रोज दोन तास केवळ शिक्षणासाठी राखून ठेवावेत, त्या वेळी सेविकेला दुसरे काम सांगू नये, रोवणी व कापणीच्या महिन्यांत केंद्र संध्याकाळपर्यंत चालावे आणि त्यासाठी वेगळे मानधन मिळावे, या मागण्या ग्रामसभेत मांडता येतात. त्या मांडणाऱ्यांत गुरुजी आणि बाबू असतील, तर त्या टाळणे सोपे जाणार नाही.

घटनेच्या ४५ व्या कलमाने २००२ च्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या संगोपनाची व शिक्षणाची तरतूद करण्याचा प्रयत्न राज्यसंस्थेवर सोपविला आहे. तो मार्गदर्शक तत्त्वांतला उल्लेख असून त्याला अद्याप हक्काचे बळ नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. त्याच्या धाकट्या भावंडाला तो नाही. ही उणीव दूर होईपर्यंत तरी निवडीचा भार घराघरावर राहणार आहे.

तो भार पेलण्यासाठी पालकाला मोठी विद्वत्ता लागत नाही. बांधावर उभा राहून रोपाच्या रंगावरून त्याची प्रकृती ओळखणारी नजर या जिल्ह्याला लाभलेली आहे. तीच नजर बालवाडीच्या दारात उभे राहून मुलाच्या चेहऱ्यावर टाकली पाहिजे. दुपारी घरी आलेले मूल आज काय झाले ते आपल्या बोलीत, न थांबता सांगत असेल आणि उद्या पुन्हा जाण्यास तयार असेल, तर निवड योग्य झाली असे समजावे. ते गप्प गप्प राहत असेल, तर वहीतील अक्षरे कितीही वळणदार असली, तरी पालकाने पुन्हा एकदा त्या बालवाडीत जाऊन बसावे.